कातकामास सुलभ असे अगंज पोलाद : गुणधर्म, मर्यादा व उपयोग

मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बेटवा आणि पहूज या दोन नद्यांच्या मधल्या खडकाळ टापूत झाशी हे मोठे जंक्शन वसले आहे. राणी लक्ष्मीबाईमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. परंतु झाशीची आणखी एक ओळख आहे व ती यंत्रकामाची होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे रेल्वेचा दुरुस्ती-कारखाना उभा राहिला. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हापासून २००३ पर्यंत झाशी विभाग मुंबईत मुख्यालय असलेल्या त्या रेल्वेकडे होता. २००३ पासून तो उत्तर मध्य रेल्वेत मोडतो. १९७० नंतरच्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीनेही झाशीजवळ कारखाना काढला आणि तेथे विद्युत् रोहित्रे व पुढे रेल्वेची विद्युत् इंजिने तयार होऊ लागली.

जेथे असे कारखाने असतात, तेथे त्यांच्या आश्रयाने लहान यंत्रशाळाही चालतात. नट, बोल्ट, पिना, आस, झडपांचे दांडे असे शेकडो बारीक भाग लेथवर कातून तयार करणे हे त्यांचे काम. यांपैकी काही भाग न गंजणारे असावे लागतात. अशा वेळी कारागिरासमोर एक प्रश्न उभा राहतो. जे पोलाद गंजत नाही ते कातण्यास कठीण जाते. आणि जे अगंज पोलाद कातण्यास सोपे केलेले असते ते गंजास तितकेसे दाद न देणारे राहत नाही. या दोन गुणांचा मेळ कसा घालण्यात आला आहे आणि त्यासाठी काय द्यावे लागते, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

अगंजपणाचे मूळ

साधे पोलाद म्हणजे लोखंड व थोडा कार्बन यांचे मिश्रण. दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर तांबूस गंज चढतो. हा गंज सच्छिद्र व भुसभुशीत असल्याने खालच्या धातूचे रक्षण करू शकत नाही आणि पोलाद आत आत खाल्ले जाते.

पोलादात सुमारे साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम मिसळल्यास ही स्थिती पालटते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ, घट्ट व पारदर्शक थर तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही कमी असते. थरावर ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. अगंज पोलादाची सारी ख्याती या अदृश्य थरावर उभी आहे.

या शोधाचा इतिहास फार जुना नाही. १९१२ च्या सुमारास जर्मनीतील क्रुप कारखान्यात क्रोमियम व निकेल या दोहोंचे मिश्रण असलेले पोलाद तयार झाले. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून योग्य पोलादाचा शोध घेत होते. त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले व ते सहजी गंजत नाही असे त्यांना आढळले. पुढे सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेला प्रकार सर्वाधिक प्रचारात आला. आज ३०४ या क्रमांकाने ओळखले जाणारे पोलाद याच कुळातील असून घरातील चांगल्या प्रतीची भांडीही पुष्कळदा त्याचीच असतात.

कातकामातील अडचण

हे १८-८ जातीचे पोलाद चिवट असते. लेथचे हत्यार त्यावर टेकले म्हणजे धातूचा कीस तुटून पडत नाही. त्याची लांबच लांब, सलग व धारदार वेटोळी निघतात. ही वेटोळी हत्याराभोवती व कामाभोवती गुंडाळतात, तयार पृष्ठभागावर ओरखडे काढतात आणि कारागिराच्या हातास इजा करू शकतात. आपोआप चालणाऱ्या लेथवर तर ती काढून टाकण्यासाठी यंत्र वारंवार थांबवावे लागते.

दुसरी अडचण उष्णतेची. तांबे उष्णतेचे फार चांगले वाहक आहे. साधे पोलाद त्याच्या मानाने बरेच कमी. आणि १८-८ अगंज पोलाद तर साध्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच उष्णता वाहून नेते. त्यामुळे कापताना निर्माण होणारी उष्णता कामात पसरत नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साठते व हत्याराची धार लवकर जाते.

तिसरी अडचण अशी की, हे पोलाद दाबले किंवा घासले गेले की त्या जागी अधिक कठीण होते. बोथट हत्यार कामावर नुसते घासत राहिले, तर पृष्ठभागावर एक कठीण कवच तयार होते आणि हत्याराच्या पुढील फेऱ्यास ते कवच कापावे लागते. अननुभवी कारागीर यंत्र फार सावकाश चालवून हत्यार वाचवू पाहतो व त्यामुळेच ते गमावतो.

शत्रूचा सेवक कसा झाला

लोहारकामात व पोलाद ओतण्याच्या धंद्यात गंधक हा जुना शत्रू समजला जातो. लोखंडात गंधक राहिले तर त्यापासून लोह सल्फाइड बनते. ते कमी तापमानास वितळते आणि स्फटिककणांच्या सांध्यांत पसरते; मग तापलेले लोखंड घणाखाली तडकते. म्हणून पोलाद शुद्ध करताना गंधक शक्य तितके काढून टाकतात. ३०४ या पोलादात त्याचे प्रमाण जास्तीत जास्त ०.०३ टक्के, म्हणजे एका किलोग्रॅममध्ये ०.३ ग्रॅम एवढेच चालते.

परंतु पोलादात पुरेसे मँगॅनीज असले म्हणजे गंधक लोखंडाशी संयोग न पावता मँगॅनीजशी पावते. मँगॅनीजचे खनिज महाराष्ट्रास अपरिचित नाही. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील त्याच्या खाणी प्रसिद्ध आहेत. मँगॅनीज सल्फाइड अधिक तापमानास वितळते आणि पोलादात सुटे, मऊ व सूक्ष्म कण होऊन राहते. हे कण कापकामास साहाय्यक ठरतात. हत्याराच्या टोकापुढे धातू सरकत असताना या कणांपाशी तो सहज तुटतो, म्हणून कीस आखूड तुकड्यांत पडतो. शिवाय हे मऊ कण हत्यार व कीस यांच्या मध्ये पसरून वंगणाचे काम करतात व घर्षण कमी होते.

अमेरिकेतील कार्पेंटर स्टील कंपनीने १९२८ मध्ये या तत्त्वावरील अगंज पोलाद प्रथम बाजारात आणले. आज या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे ३०३ होय. युरोपात तो १.४३०५ या क्रमांकाने ओळखला जातो. त्याची घटना साधारणपणे अशी असते :

क्रोमियम – १७ ते १९ टक्के
निकेल – ८ ते १० टक्के
मँगॅनीज – २ टक्क्यांपर्यंत
सिलिकॉन – १ टक्क्यापर्यंत
कार्बन – ०.१५ टक्क्यापर्यंत
फॉस्फरस – ०.२० टक्क्यापर्यंत
गंधक – किमान ०.१५ टक्के
उरलेला भाग – लोखंड

म्हणजे एक किलोग्रॅम पोलादात जेमतेम दीड ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक गंधक असते. पण एवढ्याने कातकामात पडणारा फरक मोठा आहे. कापण्याच्या सुलभतेचे मोजमाप करताना गंधकयुक्त साध्या पोलादाच्या एका ठराविक प्रकारास १०० गुण देण्याचा प्रघात आहे. त्या मानाने ३०४ ला सुमारे ४५ गुण, तर ३०३ ला सुमारे ७८ गुण दिले जातात. केवळ प्रत्यक्ष कापण्याच्या वेळापुरता विचार केला, तर ३०४ च्या ज्या कामास दहा मिनिटे लागतात, ते ३०३ वर सहा मिनिटांच्या आत उरकावे असा याचा अर्थ होतो. हत्यारास वारंवार धार लावण्याचा वेळ वाचतो तो निराळाच.

इतर गुणधर्म

३०३ ची घनता पाण्याच्या सुमारे आठपट आहे. ते १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागते. नरम केलेल्या स्थितीत त्याचे ताण-सामर्थ्य सुमारे ६२० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६३ किलोग्रॅम भार इतके असते. लोहचुंबक त्यास ओढत नाही. मात्र थंड स्थितीत ओढून किंवा दाबून काम केल्यावर त्यात किंचित् चुंबकीयता येते.

साध्या हत्यारी पोलादाप्रमाणे तापवून पाण्यात बुडविल्याने, म्हणजे कारागिराच्या भाषेत ‘पाणी दिल्याने’, हे पोलाद कठीण होत नाही. उलट सुमारे १,०५० अंशांपर्यंत तापवून झटपट थंड केल्यास ते नरम होते. ज्या भागास कठीणपणा हवा त्यासाठी ४१६ हा निराळा प्रकार आहे. त्यात १२ ते १४ टक्के क्रोमियम व तेवढेच थोडे गंधक असते. निकेल जवळजवळ नसते. तो प्रकार लोहचुंबकास चिकटतो व त्यास पाणी देता येते, परंतु गंजास विरोध करण्यात तो ३०३ च्या मागे आहे.

३०३ चा आणखी एक उपयुक्त गुण आहे. एकाच अगंज पोलादाचे दोन भाग एकमेकांवर घासले तर ते पुष्कळदा पृष्ठभागावर चिकटून बसतात. अगंज नट अगंज बोल्टवर अडकून तो फिरेनासा होणे, हा अनुभव यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांस नवा नाही. ३०३ मधील सल्फाइडचे मऊ कण या चिकटण्यास काही अंशी आळा घालतात.

गुणांची किंमत

जो कण हत्यारास मदत करतो, तोच कण संरक्षक थरातील दुबळी जागा ठरतो. धातूच्या पृष्ठभागावर उघडा पडलेला सल्फाइडचा कण ओलाव्यात विरघळू शकतो व तेथे सूक्ष्म खळगा उरतो. मीठ किंवा दुसरे क्लोराइड जवळ असेल, तर त्या खळग्यात द्रव अधिकाधिक आम्लधर्मी होत जातो आणि गंज आत शिरतो. वरून चकचकीत दिसणारा भाग आतून टाचणीने टोचल्यासारखा पोखरला जातो. म्हणून गंजविरोधात ३०३ चे स्थान ३०४ च्या खाली आहे.

दुसरी मर्यादा जोडकामाची. वेल्डिंग करताना धातू वितळतो व थिजताना गंधकयुक्त भाग सर्वांत शेवटी थिजतो. आकुंचनाचा ताण नेमका त्याच वेळी पडत असल्याने जोडास तडे जातात. ज्या भागास वेल्डिंग करावयाचे आहे, त्यासाठी ३०३ घेऊ नये हा नियमच समजावा.

तिसरी मर्यादा चिवटपणाची. गज लाटताना सल्फाइडचे कण लांबीच्या दिशेने ताणले जाऊन लाकडातील रेषांसारखे होतात. त्यामुळे गजाचे लांबीच्या दिशेतील सामर्थ्य चांगले राहिले, तरी आडव्या दिशेने तो तितका तन्य नसतो. लहान त्रिज्येत वाकविणे, थंड स्थितीत डोके ठोकून बोल्ट बनविणे किंवा पत्र्यातून खोल भांडे दाबून काढणे या कामांस हे पोलाद योग्य नाही. ताट, वाटी, डबा यांसाठी ते वापरत नाहीत याचे हेही एक कारण होय.

यातील काही दोष कमी करण्यासाठी गंधकाऐवजी सिलिनियम घातलेला प्रकार निघाला. त्याचा पृष्ठभाग अधिक गुळगुळीत होतो व तो घडणीस काहीसा बरा असतो; परंतु सिलिनियमची वाफ विषारी असल्याने ते वितळविताना दक्षता घ्यावी लागते. अलीकडे ३०४ सारख्या पोलादातच कॅल्शियमच्या साहाय्याने आतील ऑक्साइडकणांचे स्वरूप पालटून, गंधक न वाढविता कातकाम सोपे करण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

कोठे वापरावे

ज्या वस्तूचा आकार मुख्यतः कातून मिळवावयाचा असतो आणि गजाचा मोठा भाग कीस होऊन जातो, तेथे ३०३ ची उपयुक्तता सर्वांत अधिक. स्क्रू, नट, बोल्ट, लहान आस, दंतचक्रे, झडपांचे भाग, नळजोड, मोजणीच्या उपकरणांतील बारीक दांडे, विद्युत् साधनांतील खिट्ट्या व बुशी ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. हे भाग हजारोंच्या संख्येने लागतात. तेथे एका नगामागे अर्धे मिनिट वाचले, तरी दहा हजार नगांत ऐंशी तासांहून अधिक वेळ वाचतो. पोलादाच्या भावातील थोडाबहुत फरक अशा ठिकाणी गौण ठरतो.

कारखान्यातील दक्षता

पोलाद कातण्यास सोपे असले तरी ते अगंज जातीचेच आहे, हे विसरून चालत नाही. हत्यार तीक्ष्ण असावे, ते घट्ट बसविलेले असावे व कापताना त्याची सरक अखंड ठेवावी. हत्यार एका जागी घासत ठेवू नये. कापाच्या जागी तेलपाण्याची धार भरपूर सोडावी.

कातून झाल्यावर भागाच्या पृष्ठभागावर हत्याराचे सूक्ष्म लोहकण अडकून राहतात व पुढे त्यांचे तांबूस डाग दिसू लागतात. ते काढून संरक्षक थर नीट बनावा म्हणून अगंज पोलादाचे भाग प्रथम तेलकटपणा घालवून नायट्रिक आम्लाच्या द्रावणात बुडवितात. मात्र ३०३ नुसत्या आम्लात घातले, तर सल्फाइडच्या कणांपाशी आम्लाचा मारा होऊन भाग काळवंडण्याची भीती असते. यासाठी द्रावणात सोडियम डायक्रोमेट मिसळण्याची पद्धत आहे. डायक्रोमेट विषारी असल्याने ते काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि उरलेले द्रावण गटारात सोडू नये. काही ठिकाणी आता सायट्रिक आम्लाचाही उपयोग करतात.

किसाची व्यवस्था हीही महत्त्वाची बाब आहे. ३०३ चा कीस ३०४ च्या किसात मिसळून भट्टीत गेला, तर त्यातील गंधक सर्व ओतीव धातूत उतरते. म्हणून दोन्हींचे ढीग निरनिराळे ठेवावे लागतात. पण एकदा गजावरील खूण पुसली गेली की दोन्ही पोलादे सारखीच दिसतात व लोहचुंबकही त्यांतील भेद दाखवीत नाही. अशा वेळी गंधकाची खूण घेण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. छायाचित्रणाचा चांदीच्या क्षारांचा कागद सौम्य गंधकाम्लात भिजवून घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर दाबून धरतात. सल्फाइडपासून निघणाऱ्या वायूमुळे कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. ३०३ ची खूण गडद येते. ३०४ वर कागद जवळजवळ कोरा राहतो.

झाशीची हवा आणि कोकणची हवा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. झाशी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मे-जून महिन्यांत तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो व हवा अतिशय कोरडी असते. पावसाळा सोडल्यास ओलावा फार काळ टिकत नाही आणि हवेत समुद्राचे मीठ नसते. अशा हवेत आडोशाला असलेल्या यंत्रातील ३०३ चा आस किंवा बोल्ट वर्षानुवर्षे स्वच्छ राहावा अशी अपेक्षा रास्त आहे. तेथे याहून महाग व कातण्यास कठीण पोलाद घेणे म्हणजे वेळेचा व हत्यारांचा अपव्यय होय.

परंतु झाशी हे जंक्शन आहे. तेथे तयार झालेला किंवा दुरुस्त झालेला डबा झाशीतच राहत नाही. भोपाळ, इटारसी, भुसावळ असा मार्ग आक्रमून तो मुंबईच्या खाडीकाठी किंवा रत्नागिरीच्या दमट हवेतही उभा राहू शकतो. तेथे वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, रात्रीच्या दवात विरघळतात व धातूवर बसतात. झाशीत निर्दोष वाटलेला ३०३ चा उघडा बोल्ट तेथे काही काळाने तांबूस डाग दाखवू लागेल व त्याखाली खळगे पडू लागतील. अशा जागी ३०४, आणि मिठाचा मारा सतत असल्यास मॉलिब्डेनम असलेले ३१६, हेच योग्य. ते कातण्यास अधिक वेळ लागतो, पण तो वेळ वाया गेलेला नसतो.

यावरून एक नियम निघतो. पोलादाची निवड वस्तू जेथे कातली जाते तेथील सोयीवरून करू नये. ती जेथे आयुष्य काढणार आहे तेथील हवेवरून करावी. गज लेथवर चढविण्यापूर्वी कारागिराने किंवा त्यास काम देणाऱ्याने चार प्रश्न विचारावे. हा भाग मीठ वा आम्ल यांच्या संपर्कात येईल काय? यास कोठे वेल्डिंग करावे लागेल काय? यास वाकवावे किंवा ठोकावे लागेल काय? आणि हा भाग तुटल्यास कोणाच्या जिवास धोका आहे काय? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आले आणि काम मुख्यतः कातण्याचे असेल, तर कातकामास सुलभ असे हे अगंज पोलाद निःशंकपणे घ्यावे. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर थांबून पुन्हा विचार करावा.

किलोग्रॅममागे दीड ग्रॅम गंधक कारागिराचा जवळजवळ निम्मा वेळ वाचविते आणि तेच गंधक समुद्रकाठी बोल्ट पोखरते. या दोन्ही गोष्टी एकाच कणाच्या करणीने घडतात. त्या कणाचे वर्तन ज्यास ठाऊक आहे, त्याच्या हाती हे पोलाद उत्तम सेवा देते.